जर्मनीत कॅराव्हॅन घेऊन जायलोत. पावसाच्या दिवशी कोणतं छोटं गाव बघावं?

दुधनाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं जर्मनीला जायलोत. मी, आमचे हे, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ६८). म्युनिकला उतरून नऊ दिवसांसाठी मोटरहोम भाड्यानं घेतलीय. हॉटेल नको, हे सासूबाईंचं म्हणणं. कुठंही नेलं तरी चालेल पण चूल आपली पाहिजे, असं त्या पहिल्या दिवसापासून सांगायल्यात. म्हणून ही घरासारखी गाडी.

माझी काळजी पावसाची आहे. ओळखीतलं एक कुटुंब असंच गेलं होतं. त्यांच्या सहा दिवसांतले दोन दिवस पावसात गेले. दिवसभर गाडीत बसून राहिले. काचांवर वाफ, मधल्या जागेत ओले बूट, पोरं मोबाइलमध्ये आणि मोठी माणसं एकमेकांवर चिडलेली. आपल्याकडं पाऊस आला की माणूस ओसरीवर बसून नुसता बघत राहतो, चार महिने वाट बघितलेली असते. तिथं जाऊन पावसाला शिव्या द्यायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

तर असं एखादं छोटं गाव सांगा, जे पाऊस असताना पायी फिरता येईल. म्युनिकपासून फार लांब नको. मॉल नको, खरेदी नको. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण हळूहळू चालतात. मुलाला ग्रह-तारे आणि दगड-धोंडे यांचं वेड आहे, खिसे कायम खड्यांनी भरलेले. गाडी कुठं लावायची, कपडे कसे वाळवायचे, हेही कुणी केलं असेल तर सांगा.

क्रांतीचौक (छत्रपती संभाजीनगर)

ताई, डोळे झाकून रोथेनबुर्गला जा. तटबंदीचं जुनं गाव आहे, तटावर छप्पर आहे, त्यामुळं पावसात बरंच चालता येतं. आपल्या शहरात वेशी बघत मोठा झालोय मी, त्यामुळं तटबंदीचं गाव दिसलं की पाय आपोआप वळतात. गर्दी मात्र असते, दुपारी तर बसच्या बस उतरतात. दगडा-ताऱ्यांचं वेड असेल तर म्युनिकचं डॉइचेस म्युझियम (विज्ञान-तंत्रज्ञानाचं संग्रहालय) मुलाला दाखवाच, पण मोटरहोम घेऊन शहरात घुसू नका. गाडी बाहेरच्या कॅम्पिंगला ठेवून लोकलनं जा.

भूगोलमास्तर (जालना)

ताई, नॉर्डलिंगेनला जा. आणि पाऊस असेल त्याच दिवशी जा. उन्हाच्या दिवसांत बाकीची गावं बघा, हे गाव पावसासाठी राखून ठेवा. असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या मुलाबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

मी जिल्हा परिषद प्रशालेत ३१ वर्षं भूगोल शिकवला. दर हिवाळ्यात नववीची मुलं घेऊन लोणारला जायचो, जालन्याहून मंठ्यावरून. लोणार बुलढाण्यात, म्हणजे कागदावर विदर्भात. पण आमच्या मुलांना ते आपल्याच शिवारातलं वाटतं. त्या काठावर उभं राहून दरवर्षी एकच गोष्ट सांगायचो: हा खड्डा ज्वालामुखीचा नाही, आभाळातून पडलेल्या पाषाणाचा आहे, आणि काळ्या बेसॉल्टमध्ये असं विवर जगात फार क्वचित सापडतं. पुढं एक वाक्य असायचं: "जर्मनीत रीस नावाचं असंच एक विवर आहे, पण इतकं मोठं की त्याच्या पोटात अख्खं शहर वसलंय." ते शहर म्हणजे नॉर्डलिंगेन. ३१ वर्षं न बघता सांगितलेलं वाक्य.

२०२३ च्या सप्टेंबरात लेक-जावयांनी मोटरहोम घेतली. ते स्टुटगार्टला राहतात. मी, आमची मंडळी, ते दोघं आणि नऊ वर्षांची नात. बेत आल्प्सचा होता. निघायच्या आदल्या रात्री जावयांनी हवामान बघितलं, तर डोंगरात तीन दिवस पाऊस. त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, मग रीसला नेता का? त्यांना रीस म्हणजे काय ते माहीत नव्हतं, सांगितल्यावर मात्र लगेच तयार झाले.

आधी मोजमाप सांगतो, म्हणजे मुलाला वाचून दाखवता येईल. लोणारचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. रीसचा सुमारे २४. जालन्यातून निघालात आणि बदनापूर मागं पडलं तरी आपण अजून खड्ड्यातच असतो, एवढं मोठं. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी किलोमीटरभर किंवा त्याहून थोडा मोठा अशनी तिथं आदळला. नंतर त्या खड्ड्यात तळं झालं, तळं गाळानं भरलं, आणि आज तिथं सपाट काळीभोर शेतं आहेत. चहूबाजूंनी टेकड्यांचं कडं, मध्ये शेतं आणि त्यात हे वाटोळं गाव. सगळं गाव एका तटाच्या आत, तट २.७ किलोमीटरचा, पाच वेशी. आणि ताई, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे: हा तट पूर्ण फेरी मारून चालता येतो आणि वर सगळीकडं कौलारू छप्पर आहे. छत्री मिटूनच चालायचं, कारण वाट अरुंद आहे.

आम्ही सकाळी नऊला पोचलो तेव्हा पाऊस असा होता की वायपर थांबत नव्हते. गाडी तटाबाहेरच्या मोठ्या पार्किंगवर लावली. नात म्हणाली, "आजोबा, खड्डा कुठंय?" मी म्हटलं, आपण खड्ड्यातच उभे आहोत. तिला पटेना. पटणार तरी कसं? लोणारला काठावर उभं राहिलं की सगळं एका नजरेत मावतं. इथं उघडीप असती तर गावातल्या डॅनियल नावाच्या मनोऱ्यावर चढून चारी बाजूंचं टेकड्यांचं कडं दिसलं असतं. मनोरा ९० मीटर उंच, साडेतीनशे पायऱ्या. त्या दिवशी मात्र शंभर पावलांवरचं घर धुरकट दिसत होतं. मला स्वतःलाच वाईट वाटायला लागलं. एवढ्या वर्षांनी आलो आणि विवर दिसणारच नाही.

मग आम्ही तो मनोरा ज्या चर्चचा आहे त्याच्याशी गेलो, सेंट जॉर्ज चर्च. पंधराव्या शतकात बांधायला घेतलेलं. पावसापासून आडोसा म्हणून भिंतीला टेकलो आणि सहज हात लावला. आणि मग मी तिथून हललोच नाही.

ताई, हे चर्च त्या आघातातून तयार झालेल्या दगडाचं बांधलंय. त्याला सुवेव्हाइट म्हणतात, श्वाबेन प्रांताच्या लॅटिन नावावरून. अशनी आदळला तेव्हा खालचा खडक फुटला, वितळला, वर उडाला आणि राखेसारख्या भुग्यात मिसळून पुन्हा खाली बसला. त्यात खालच्या ग्रॅनाइटचे तुकडे आहेत आणि वितळून झालेल्या काचेचे काळपट चपटे तुकडे आहेत. कोरडा असताना हा दगड राखाडी, फिका, सिमेंटसारखा. फोटो मी कितीदा बघितले होते, सगळ्यांत तो मेलेला दिसायचा. पण खडक वाचायचा असेल तर तो ओला करावा लागतो. लोणारला मी मुलांना हेच करून दाखवायचो. बाटलीतलं पाणी दगडावर ओतायचं, की लगेच रंग उमटतात, कण वेगळे दिसतात, कड दिसते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यांत ते पाणी ओततानासुद्धा हात आखडायचा.

इथं अख्खा ९० मीटरचा मनोरा आभाळानं धुऊन ठेवला होता. काचेचे काळे-हिरवट डाग चमकत होते, लालसर तुकडे, पांढरे तुकडे, कुठं बोटाएवढे, कुठं तळहाताएवढे. नातीला म्हटलं, "हा बघ खड्डा. या भिंतीत आहे." ती भिंतीला नाक लावून अर्धा तास एक एक तुकडा दाखवत होती. आमची मंडळी छत्री धरून उभ्या, "तुम्ही दोघं भिजायलात" म्हणत. त्या दगडात हिरेही आहेत. आघाताच्या दाबानं ग्रॅफाइटचे झालेले. पण डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक, तेव्हा मुलाला आधीच सांगून ठेवा. आणि भिंतीचा कपचाही काढायचा नाही, हेही बजावा. लोणारला अभयारण्य असल्यामुळं मी मुलांना जे सांगायचो तेच: हात लाव, घेऊ नको.

चर्चच्या आत गेलात की सासूबाईंना बसायला बाकं आहेत. बाहेर पाऊस आणि आत एवढी उंच शांत जागा. आमची मंडळी तिथं तासभर बसल्या होत्या. परत येताना म्हणाल्या, घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यासारखं गार वाटलं.

मग म्युझियम. रीस क्रेटर म्युझियम, जुन्या गोदामासारख्या इमारतीत आहे, १९९० मध्ये सुरू झालं. सोमवारी बंद असतं आणि वेळा मोसमाप्रमाणे बदलतात, तेव्हा जायच्या आधी बघून घ्या. तुमच्या मुलासाठी तिथं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खरा चांद्रखडक, अपोलो १६ नं आणलेला. तो या गावात का, तर १९७० च्या ऑगस्टमध्ये अपोलो १४ चे अंतराळवीर अॅलन शेपर्ड आणि एडगर मिचेल या भागात खडक ओळखायला शिकायला आले होते. चंद्र विवरांनी भरलेला. तिथं गेल्यावर कोणता दगड उचलायचा हे कळायला पृथ्वीवर असा दगड जिथं भरपूर आहे तिथं शिकावं लागतं. त्याच्या दहाच वर्षं आधीपर्यंत रीस ज्वालामुखी आहे असंच बहुतेकजण मानत होते. १९६० च्या सुमारास युजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ या शास्त्रज्ञांना इथल्या सुवेव्हाइटमध्ये कोएसाइट सापडलं. हे वाळूच्याच घटकाचं खनिज, पण प्रचंड दाबाखाली तयार होणारं. एवढा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. लोणारचंही तसंच झालं. १८२३ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली, पण ते अशनीचं आहे हे पक्कं व्हायला १९७० चं दशक उजाडलं. आपल्याकडच्या लोकांनी मात्र तिथं काहीतरी विलक्षण घडलंय हे केव्हाच ओळखलं होतं. लवणासुराला विष्णूनं पाताळातून ओढून मारलं ती कथा आणि गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ त्याचीच आठवण आहे, असं मी वर्गात सांगायचो.

जेवणाचं एक सांगतो, मग थांबतो. दगडातल्या त्या काचेच्या तुकड्यांना तिथली माणसं "फ्लेडले" म्हणतात. फ्लेडले म्हणजे धिरड्याच्या पातळ पट्ट्या, त्या सूपमध्ये घालतात. दगडातले काचेचे चपटे तुकडे तसेच दिसतात म्हणून हे नाव. ज्या गावात दगडाला स्वयंपाकघरातलं नाव दिलंय त्या गावाशी माझं लगेच जमलं. पण ते सूप सासूबाईंना देऊ नका, त्याचा रस्सा बहुधा गोमांसाचा असतो. शाकाहारी असाल तर केझे-श्पेट्सले मागा, चीज घातलेल्या घरगुती शेवया. गरम आणि पोटभर.

क्रांतीचौक भाऊ, रोथेनबुर्ग मीही बघितलं, सुंदरच आहे. पण तिथला तट सलग पूर्ण फेरीचा नाही. आणि या मुलाचे खिसे खड्यांनी भरलेत.

दुधनाकाठ (परभणी)

सर, मुलाला वाचून दाखवलं. त्यानं पाण्याच्या ग्लासात त्याचे सगळे खडे बुडवलेत आणि दर दहा मिनिटांनी मला बोलावून दाखवतोय. मनापासून धन्यवाद.

दोन शंका. तटावर चढायला सासूबाईंना जमेल का? आणि दिवसभर भिजून आल्यावर गाडीत काय करायचं? ओले कपडे, ओल, थंडी, याची मला खरंच धास्ती वाटते.

भूगोलमास्तर (जालना)

वेशींपाशी लाकडी-दगडी जिने आहेत, एका मजल्याचे. धरायला कठडा आहे. आमच्या मंडळींचेही गुडघे दुखतात. त्या एकदा चढल्या, दोन वेशींमधलं अंतर चालल्या आणि पुढच्या जिन्यानं उतरल्या. पूर्ण फेरी मारायलाच पाहिजे असं नाही. तेवढ्या अंतरातही तटाला पाठ लावून बसलेली बारकी घरं, त्यांची परसं, वाळत घातलेली लाकडं दिसतात. चामडं कमावणाऱ्यांच्या जुन्या आळीत माळ्यावर उघड्या गॅलऱ्या असलेली घरं आहेत. कातडी वाळवायला तशी बांधलेली. तुम्ही कपडे वाळवायच्या चिंतेत आहात, म्हणून ती घरं मुद्दाम बघाच.

गाडीचं मला फारसं कळत नाही, ते जावई बघायचे. कुणी जाणकार सांगेल.

लातूरची_उल्ममध्ये

मी सांगते ताई. आम्ही नऊ वर्षं झाली इकडं आहोत आणि जवळजवळ दर उन्हाळ्यात एखादी फेरी मोटरहोमनं होते.

ओलीचं कारण बाहेरचा पाऊस नाही, आतली माणसं आहेत. चार जणांचा श्वास, त्यात डाळ शिजतेय, वरून ओले कपडे. म्हणून पाऊस असला तरी छताची खिडकी बोटभर उघडी ठेवायची, त्यांना तसं उघडं ठेवायचा खटका असतो. हीटर गॅसवर चालतो. तो कमी आचेवर चालू ठेवून खिडकी जराशी उघडी, याच्यानंच ओल जाते. सगळं गच्च बंद केलं तर पहाटे छतावरून थेंब पडतात. कपडे बाथरूममध्ये टांगायचे, बहुतेक गाड्यांत तिथं हीटरची एक जाळी असते. बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे घालायचे. दाराशी एक टब ठेवायचा, ओले बूट त्यातच काढायचे, एक पाऊलही पुढं नाही. हा नियम पहिल्या दिवशी लावा.

गवतावर गाडी लावू नका. एका कॅम्पिंगला उन्हानं वाळलेल्या हिरवळीवर रात्री लावली, पहाटे पाऊस झाला आणि सकाळी तीन टनांची गाडी जागच्या जागी चाकं फिरवायला लागली. ट्रॅक्टर बोलवावा लागला. पावसाचा अंदाज असला की खडी टाकलेली किंवा डांबरी जागाच मागा. कॅम्पिंगला दुपारी एक ते तीन विश्रांतीची वेळ असते. तेव्हा बऱ्याच ठिकाणी फाटक बंद, ऑफिस बंद. एक वाजून पाच मिनिटांनी पोचलात तर पावसात दोन तास बाहेर. हे आमच्या बाबतीत घडलंय.

साध्या पार्किंगवर झोपण्याबद्दल: थकवा घालवायला एक रात्र गाडीत झोपायला चालतं. पण खुर्च्या-टेबल बाहेर मांडणं, छत ओढणं हे कॅम्पिंग धरलं जातं, ते तिथं नको. मोटरहोमसाठी राखीव जागा गावोगाव आहेत, त्यांना श्टेलप्लात्स म्हणतात. पाण्याच्या आणि विजेच्या मशीनसाठी सुटी नाणी जवळ ठेवा. रविवारी दुकानं बंद, किराणा शनिवारीच भरा.

पाणी. टाकी साधारण शंभर लिटरची असते. नवीन माणसं ती एका दिवसात संपवतात आणि मग पावसात भरत बसतात. मी लातूरची आहे. २०१६ ला आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आई एका बादलीत चार जणांचं सगळं भागवायची. तिची पद्धत मी गाडीत जशीच्या तशी वापरते. भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला. शंभर लिटर आम्हाला अडीच दिवस पुरतं. सासूबाईंना तर हे सांगायचीही गरज नाही, परभणीच्या आहेत. वापरलेलं पाणी आणि संडासाची पेटी ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची. पाऊस आहे, वाहून जाईल म्हणून रस्त्याच्या गटारात सोडू नका, आणि कुणाला सोडूही देऊ नका.

खाण्याचं: येसर आणा. पावसाच्या संध्याकाळी गाडीत येसराची आमटी आणि भात, याच्यासारखं दुसरं काही नाही, आणि वीस मिनिटांत होतं. धपाट्याचं पीठ घरून कोरडंच मिसळून आणा, सुशीलेसाठी चुरमुरे आणा. तूप, पेढे, खवा, लोणी काही आणू नका, दुधाचे पदार्थ युरोपात बाहेरून आणायला बंदी आहे. विमानतळावर काढून घेतात. तूप इथं मिळतं.

दुधनाकाठ (परभणी)

परत आलोत. सांगायला उशीर झाला, आल्यावर सोयाबीनच्या काढणीत अडकलो.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. पहाटेच छतावर आवाज सुरू झाला. मी जागी झाले तर मुलगा आधीच स्वेटर घालून बसलेला. म्हणाला, "आज नॉर्डलिंगेन." नऊ दिवसांत पावसाची वाट बघणारा तो एकटाच होता.

सर, तुम्ही म्हणालात तसंच होतं. चर्चच्या भिंतीपाशी तो जे बसला ते उठेना. त्याच्या वहीत पंधरा तुकड्यांची चित्रं काढलीत, खाली माप टाकून. वही भिजली, तीच आता स्टीलच्या डब्यात ठेवलीय. चांद्रखडकापुढं तर बोललाच नाही. बाहेर आल्यावर विचारलं काय रे, तर म्हणाला, "तो कोरडा होता. चंद्रावर पाऊस नाही ना." आमचे हे मनोऱ्यावर चढून आले, वरून ढगाशिवाय काही दिसलं नाही, तरी खुश होते.

सासूबाई एका जिन्यानं तटावर चढल्या, खाली बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. समोरच्या घरात एक म्हातारी खिडकीत बसून शेंगा सोलत होती. दोघींनी एकमेकींना हात केला. तेवढंच झालं, पण नंतर दोनदा त्यांनी ते सांगितलं.

रात्री गाडी तटाबाहेरच होती. येसराची आमटी झाली, टबात बूट, खिडकी बोटभर उघडी. दहा वाजता त्या खिडकीतून लांबून हाळी आली. मी दचकले. आमच्या ह्यांनी वाचलं होतं: मनोऱ्यावरचा राखणदार रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासानं ओरडतो, "सो, ग्झेल, सो". १४४० ची गोष्ट सांगतात. शत्रूनं पहारेकरी फितवले, वेस उघडी राहिली. एका डुकरानं तिला अंग घासलं तेव्हा ती हलली, आणि वाटेनं चाललेल्या बाईच्या लक्षात आलं. तिच्या तोंडचे हे शब्द. तेव्हापासून गाव जागं आहे हे सांगायला हाळी.

सासूबाई अंथरुणात उठून बसल्या. म्हणाल्या, माझ्या माहेरी जागल्या असाच हाळी द्यायचा, पावसाळ्यात आवाज असाच ओला यायचा. मग साडेदहाची ऐकली, अकराची ऐकली. बाराची ऐकायला त्यांनी मला उठवलं.

सर, मुलानं लोणार बघितलेलं नाही. आम्ही परभणीचे असून एकदाही नेलं नाही, याचं मला आता वाईट वाटतं. येत्या पावसाळ्यात तुम्ही दाखवाल का?

भूगोलमास्तर (जालना)

जुलैच्या शेवटी या, दोन पाऊस झाल्यावर. जिंतूरवरून या, मी मंठ्याच्या स्टँडवर उभा राहतो. सासूबाईंना घेऊन या. त्या दैत्यसूदनाच्या देवळात बसतील, गोमुखाची धारही दाखवू. मुलाला ती वही आणायला सांगा.